काठी उतारासाठी

राजगडावरून तोरण्याला जायचं तर पद्मावती माची उजाडायच्या आत सोडलेली बरी. वाट लांब आहे आणि दुपारनंतर तोरण्याच्या बुधला माचीचा चढ उन्हासकट अंगावर येतो. आम्ही दोघंच होतो, मी आणि माझा भाचा. तो पंचविशीतला, मी पन्नाशी ओलांडलेली. आदल्या संध्याकाळी गुंजवण्यातून चोर दरवाजाने वर आलो होतो आणि पद्मावतीच्या देवळात पथारी पसरली होती. डिसेंबरची थंडी, स्वच्छ आकाश, आणि खाली दरीत धुकं साचलेलं. बालेकिल्ला डाव्या हाताला ठेवत आम्ही संजीवनी माचीकडे निघालो तेव्हा तोरण्याच्या माथ्यावर पहिलं ऊन पडलं होतं.

संजीवनी माची पाहावी आणि गप्प बसावं. सुमारे अडीच किलोमीटर लांबीची सोंड तीन टप्प्यांत खाली उतरत जाते. तिला दुहेरी तटबंदी आहे आणि बुरुजांना बाहेरून आणखी एक बुरूज घातलेला आहे, चिलखतासारखा. दोन तटांच्या मधला चर इतका अरुंद की दोन माणसं शेजारी-शेजारी चालू शकत नाहीत. शत्रूने बाहेरचा तट फोडलाच तरी तो या चरात अडकणार. साडेतीनशे वर्षांनंतरही त्या तटाचे दगड एकमेकांना धरून उभे आहेत.

इथे मी दोन्ही काठ्या मिटून सॅकला लावते, आणि ज्या पायऱ्यांवर काठी लागतेच तिथे टोकाला रबरी टोपण चढवते. ट्रेकिंग पोलचं टोक टंगस्टन कार्बाइडचं असतं. बेसाल्टपेक्षा ते कठीण, म्हणून कातळावर पकड घेतं. आणि म्हणूनच पायरीवर ओरखडाही काढतं. चुन्यात बसवलेल्या सांध्यात ते टोक शिरलं तर चुना भुगा होऊन बाहेर येतो. एका माणसाच्या काठीने काही होत नसेल, पण रविवारी गडावर किती माणसं चढतात ते आपण बघतोच. जुलै २०२५मध्ये युनेस्कोने जे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले त्यांत राजगड आहे. यादीत नसता तरी टोपण चढवलंच असतं, पण आता कुणाला सांगताना एक आधार मिळतो एवढंच.

माचीच्या पार टोकाकडे आळू दरवाजा. तिथून बाहेर पडलं की गड संपतो आणि उतार सुरू होतो. तो उतार मला अजून पाठ आहे. मुरूम, त्यावर सुटे दगड, त्यावर वाळलेलं गवत. पावसाळ्यात हिरवं असलेलं गवत डिसेंबरात पिवळं पडून आडवं होतं आणि त्यावरून बूट असा सरकतो की नवी-जुनी ग्रिप सगळं सारखंच. मी काठ्या लांब केल्या, मनगटाचे पट्टे काढले आणि आडव्या पावलांनी उतरू लागले.

मधल्या एका वळणावर उजव्या काठीचं टोक दोन दगडांच्या बेचक्यात बसलं. पाऊल पुढे पडलं, वरचा दगड हलला, आणि काठीवर बाजूने भार आला. काडकन आवाज झाला. मी खाली बसले, तळहात थोडा खरचटला, बाकी काही नाही. काठीचा खालचा भाग मात्र टोकापासून वीतभर अंतरावर तुटला होता. तुटलेल्या तोंडाशी काळे बारीक धागे पिंजारून बाहेर आले होते. भाच्याने उचलायला हात पुढे केला तेव्हा मीच त्याला थांबवलं. कार्बनची ती कुसळं कातडीत शिरली की सहज निघत नाहीत. आम्ही तोंडावर चिकटपट्टी गुंडाळली. मुठीच्या खाली दोन-तीन हात चिकटपट्टी मी नेहमीच गुंडाळून ठेवते, कधी बुटाच्या तळव्याला, कधी टाचेच्या फोडाला, त्या दिवशी काठीलाच लागली.

त्या काठ्या महागाच्या होत्या आणि हाताला हलक्या होत्या. हलकेपणा हीच त्यांची जाहिरात. पण कार्बनचे धागे काठीच्या लांबीच्या दिशेने रचलेले असतात. वरून खाली येणारा भार ते फार छान पेलतात. बाजूने दणका बसला, किंवा आधीच्या एखाद्या दगडाने नळीवर खोल ओरखडा पडलेला असला, की धाग्यांना बांधून ठेवणारी राळ तडकते आणि नळी एका क्षणात जाते. ॲल्युमिनियम असं करत नाही. ते वाकतं. वाकलेली काठी गुडघ्यावर धरून साधारण सरळ करता येते, आणि पुन्हा पूर्ण भरवशाची झाली नाही तरी गावापर्यंत नेते. सपाट, मऊ पायवाटांच्या देशात कार्बन ठीक असेल. आपल्याकडे काठी दिवसभर दगडांच्या फटीतच असते.

उरलेला उतार एका काठीवर उतरले तेव्हा गुडघ्यांनी लगेच सांगितलं की दुसरी कुठे आहे. काठ्यांचा खरा उपयोग उतारावर असतो हे माझं अनुभवाचं मत, आणि त्याला मोजमापाचाही पाठिंबा आहे. ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गच्या संशोधकांनी १९९९मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. पंचवीस अंशांच्या उतारावरून माणसांना काठ्यांसह आणि काठ्यांशिवाय चालवलं आणि गुडघ्यावर येणारा भार मोजला. काठ्या वापरल्या की तो १२ ते २५ टक्क्यांनी कमी झाला. चढताना असं सरळ गणित नाही. हातही राबायला लागतात, म्हणून दम कमी लागेल असं समजू नये. तोल राहतो आणि मांड्यांचं थोडं काम खांदे वाटून घेतात. पण उतार हा गुडघ्याचा शत्रू, आणि सह्याद्रीत जितकं चढतो तितकंच त्याच दिवशी उतरायचं असतं.

सोंडेवरून खाली आलं की वाट कधी कारवीतून, कधी मोकळ्या माळावरून जाते. वेल्ह्याकडून भुतोंड्याकडे जाणारा डांबरी रस्ता खिंडीत आडवा येतो. त्याच्या पलीकडे थोडं वर एक धनगराचं घर आहे. कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेलं अंगण, एका बाजूला शेळ्यांचा वाडा. आम्ही पाण्यासाठी थांबलो. घरातल्या बाईंनी ताक दिलं. म्हातारे बाबा ओट्यावर बसले होते. त्यांची नजर आधी माझ्या हातातल्या चिकटपट्टी गुंडाळलेल्या तुकड्यावर गेली.

"ताई, ती कांडी ठेवा सॅकमधी. ही धरा."

त्यांनी भिंतीला टेकवलेली काठी पुढे केली. भरीव वेळूची, माझ्या खांद्याएवढी उंच. पेरं जवळजवळ, म्हणजे झाड सावकाश वाढलेलं. मुठीची जागा वरच्या टोकाला नव्हती. तिथून हातभर खाली, जिथे वर्षानुवर्षं पंजा फिरला होता तिथे वेळू तेलकट, तांबूस झाला होता. खालचं टोक चिरू नये म्हणून त्यावर लोखंडी कडं ठोकलेलं होतं.

"चढाला हितं धरायची," त्यांनी खालची जागा दाखवली. "आन् उताराला वर, टोकाला. काठी आधी, पाय मागनं. लगीच भार न्हाई टाकायचा. इचारायचं तिला, जागा हाय का म्हनून."

दुकानात जे सांगतात तेच हे, फक्त कमी शब्दांत. चढाला काठी आखूड, उताराला लांब. आपण त्यासाठी नळीत नळी घालून सेंटिमीटरच्या खुणा करतो आणि खटके बसवतो. जर्मनीतल्या लेकी कंपनीने १९७४ साली मकालू नावाची लांबी बदलणारी काठी आणली, तिथून हे सगळं सुरू झालं. बाबांची काठी मुळातच लांब होती आणि लांबी बदलायचं काम त्यांचा हात करत होता.

काठीचे पैसे घ्यायला ते तयार झाले नाहीत, कारण काठी द्यायचीच नव्हती. वेल्ह्यात स्टँडजवळच्या एका किराणा दुकानाचं नाव त्यांनी सांगितलं. "थितं ठेवा. बाजाराला आलो की घिऊन जाईन."

बुधला माचीच्या चढावर ती नुसती काठी राहिली नाही, ती तिसरा पाय झाली. कातळटप्पा आला तिथे मात्र भाच्याने ती माझ्या हातून काढून घेतली आणि वर फेकली. हे मुद्दाम सांगते. जिथे दोन्ही हातांनी खडक धरायचा असतो तिथे काठी हातात ठेवणं धोक्याचं. मनगटाला लटकत ठेवणं त्याहून धोक्याचं. ती पायात येते, कपारीत अडकते, आणि नको त्या क्षणी माणसाला मागे खेचते. कोकण दरवाजातून आत गेलो, मेंगाईच्या देवळाच्या सावलीत डबा उघडला. १४०३ मीटर उंचीवरून मागे पाहिलं तर सकाळी सोडलेला राजगड चांगलाच लांब गेला होता. बिनी दरवाजाने उतरलो, कठड्यांना धरत. पुढची वेल्ह्याची वाट मी वेळूच्या काठीला विचारत विचारत उतरले. दुकानदाराने काठी बघितली आणि कुणाची ते आम्ही सांगायच्या आत सांगितलं.

पुण्यात आल्यावर पहिला विचार हाच, की तुटला तो फक्त खालचा भाग आहे; तेवढाच बदलू. काठी तीन भागांची, वरचे दोन धडधाकट, खटके चांगले, मूठ चांगली. दुकानात गेले. तो नमुना बंद झाला होता. सुटा भाग मिळत नव्हता, पूर्वीही इथे कधी मागवलेला नव्हता. दुसऱ्या कंपनीचा खालचा भाग बसतो का पाहिलं. नळीच्या जाडीत दोन मिलिमीटरचा फरक होता आणि दोन मिलिमीटर म्हणजे न बसणं. एका वीतभर तुकड्यासाठी अख्खी जोडी निकामी झाली. याचा मला मनापासून राग आला, आणि अजून आहे. डोंगरात जाणाऱ्यांना वस्तू विकणाऱ्यांनी ती दुरुस्त होईल अशी विकायला हवी.

मग नवी जोडी निवडायला बसले, आणि यावेळी प्रश्न उलट्या क्रमाने विचारले. पहिला प्रश्न, खालचा भाग सुटा मिळतो का? टोकं सुटी मिळतात का? विकणारा मुलगा भला होता. त्याने आत जाऊन यादी पाहिली. समोर मांडलेल्या काठ्यांपैकी बऱ्याच या प्रश्नालाच बाजूला झाल्या.

दुसरा प्रश्न धातूचा. मी ॲल्युमिनियम घेतलं, ७०७५ जातीचं. जस्त मिसळलेला हा मिश्रधातू विमानांच्या सांगाड्यात वापरतात. साधारण जोडीचं वजन अर्ध्या किलोच्या आसपास भरतं. कार्बनच्या जोडीपेक्षा शंभर-दीडशे ग्रॅम जास्त. तेवढं पाणी मी सॅकमध्ये कमी-जास्त भरतेच.

खटका कसा आहे हे त्यानंतर. पिळून घट्ट करायच्या काठ्यांमध्ये आत एक प्लॅस्टिकचा भाग फुगतो आणि नळीला धरतो. त्यात धूळ गेली, पावसाचं पाणी गेलं, की तो नुसता फिरत राहतो आणि भर उतारावर काठी आपसूक आखूड होते. बाहेरून दाबून बंद होणारा खटका मला पसंत. तो बंद आहे की उघडा ते डोळ्यांना दिसतं, ओल्या हातांनी उघडतो, आणि ढिला पडला तर छोटा स्क्रू पिळून घट्ट करता येतो. दुकानात मी तो बंद करून काठीवर सगळा भार टाकून पाहिला. अगदी लटकले म्हणा ना. हलला नाही. तीन तुकड्यांत दुमडणाऱ्या, आतून दोरीने ओवलेल्या काठ्याही होत्या. पिशवीत फार छान मावतात. पण त्यांतल्या बऱ्याच ठरावीक लांबीच्या असतात, आणि धनगर बाबांनी चढाची व उताराची जागा दाखवल्यावर मला ठरावीक लांबीची काठी घ्यावीशी वाटेना.

लांबी ट्रेकचे बूट घालून मोजायची. मी बूट घालूनच गेले होते. टोक पावलाशेजारी टेकवून मूठ धरली की कोपर काटकोनात यायला हवं. माझी उंची पाच फूट तीन इंच. सपाटीवर मला १०५ ते ११० सेंटिमीटर लागते, उतारावर त्यात पाच-दहाची भर. काठी पूर्ण ताणून, शेवटच्या खुणेवर वापरावी लागत असेल तर ती आपल्यासाठी आखूड आहे, कारण शेवटच्या खुणेपाशी नळीत नळी कमी उरते आणि सांधा कमकुवत होतो. मूठ बुचाची घेतली. रबराची मूठ बर्फात बरी, पण आपल्या उन्हात घामाने फोड आणते. फोमची मऊ असते आणि घाम पिते. बूच हळूहळू आपल्या पंजाचा आकार घेतं. आत स्प्रिंग असलेल्या काठ्या मी हातातही घेतल्या नाहीत. वजन वाढतं आणि टेकल्यावर काठी किंचित खाली जाते. जमीन कुठे आहे ते हाताला एक क्षण उशिरा कळतं.

पट्ट्याबद्दल त्या मुलाला मीच दाखवलं. पंजा पट्ट्याच्या खालून वर घालायचा आणि मग पट्ट्यासकट मूठ धरायची. म्हणजे भार पट्ट्यावर येतो, बोटं आवळावी लागत नाहीत. वरून हात घालणाऱ्यांची बोटं संध्याकाळी दुखतात आणि दोष काठीला मिळतो.

नव्या जोडीची परीक्षा रतनगडावर झाली, सप्टेंबर संपताना. रतनवाडीत अमृतेश्वराचं दर्शन घेऊन निघालो. भंडारदऱ्याचं पाणी तुडुंब होतं, सोनकीने उतार पिवळे केले होते. सुरुवातीची वाट प्रवरेच्या ओढ्याला ओलांडत जाते. पाणी गुडघ्याखाली, पण तळाशी शेवाळ धरलेले गोटे. सॅकचा कमरपट्टा सोडला, मनगटाचे पट्टे काढले, प्रवाहाकडे तोंड करून काठ्या पुढे रोवल्या. एका वेळी एकच गोष्ट हलवायची, एक पाय किंवा एक काठी. बाकी तीन जागा जमिनीला. पलीकडे चिखल होता, तिथे टोकाजवळची प्लॅस्टिकची चकती कामाला आली. ती नसती तर काठी हातभर आत गेली असती. रबरी टोपणं मात्र चिखल ओढून घेतो. ती आधीच काढून खिशात ठेवायची.

कारवीच्या रानातून वर गेल्यावर शिड्या येतात. तिथे काठ्या पूर्ण मिटल्या, टोकं खाली करून सॅकच्या बाजूला दोन ठिकाणी बांधल्या. टोकं वर ठेवली तर शिडीवर खालून येणाऱ्याला नाही, पण वळताना मागच्याच्या डोळ्याला लागतात. नेढ्यात बसलो तेव्हा वारा इतका होता की बोलणं ऐकू येईना. समोर अलंग, मदन, कुलंग आणि कळसूबाई ढगांतून वर आलेले. पुढे त्र्यंबक दरवाजाच्या उतारावर एकदा काठी फटीत बसली, भार आला, आणि मी थांबून ती सरळ वर ओढून काढली. नळीवर एक ओरखडा पडला आहे. वाकली नाही.

घरी आल्यावर तिन्ही भाग वेगळे केले, आतलं पाणी झटकलं, ओल्या फडक्याने माती पुसली आणि रात्रभर सुटेच वाळत ठेवले. ओल्या काठ्या तशाच मिटून माळ्यावर टाकल्या तर ॲल्युमिनियमवर पांढरी पूड धरते आणि पुढच्या वेळी नळ्या एकमेकींतून निघत नाहीत. खटक्याला तेल लावायचं नाही. घर्षणावरच तो धरतो. टोक झिजून गोल झालं की बदलायचं. बहुतेक टोकं दाबून बसवलेली असतात. उकळत्या पाण्यात दोन-चार मिनिटं धरली की प्लॅस्टिक सैल होतं आणि पक्कडीने पिळून निघतात. नवं टोक बसवून काठी लाकडाच्या ठोकळ्यावर चार वेळा आपटली की काम झालं. जुन्या जोडीतली धड राहिलेली काठी रबरी टोपण लावून शेजारच्या आजोबांना दिली आहे. ते तिच्यासह रोज पर्वती चढतात.

तुम्ही या मोसमात काठ्या घेणार असाल तर दुकानात शिरल्याबरोबर किंमत आणि वजन विचारू नका. आधी विचारा, खालचा भाग सुटा मिळेल का. "नाही" म्हणाले तर पुढच्या दुकानात जा, आणि का चाललात तेही त्यांना सांगून जा. चार जणांनी सांगितलं तर ते भाग मागवायला लागतील.